मधली चित्रं काढणारे साळवे सर

साळवे सरांना सगळी शाळा चिडका माणूस म्हणायची आणि ते मला कधीच पटलं नाही. चिडका माणूस कारण नसताना चिडतो. सरांना कारण असायचं. चीड यावी अशा जागी आम्ही बाकीचे चहा पीत बसायचो आणि सर एकटेच उठून उभे राहायचे, फरक काय तो एवढाच. आजही कुठे जुने सहकारी भेटले की हसत म्हणतात, "काय तापट होता हो तो साळवे!" तेव्हा मलाच ताडकन उठून उभं राहावंसं वाटतं.

बदनापूरच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायची आणि सर चित्रकला. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. जालना तेव्हा तालुकाच होता, त्यामुळे कसलंही सरकारी काम निघालं की औरंगाबादकडे तोंड करावं लागायचं. सर उंच, वाळके, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत चढवलेल्या. हातात हजेरीपट येवो की उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, अंगठ्याने कोपरा वाकवून ते पानं फर्रकन सोडायचे. मुख्याध्यापक बोलायला लागले की ही फरफर वाढायची. मुख्याध्यापकांना वाटायचं, हा माणूस आपला अपमान करतो आहे. मुंबईच्या कार्टून स्टुडिओत चित्र हलतंय का हे बघायला कागद असेच सोडतात, ती त्यांची जुनी सवय होती. अर्थात अपमानही असायचाच.

त्यांच्या तासाला दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि शेजारी नारळाचं झाड असं चित्र काढायला बंदी होती.

"कुठं पाह्यला रे हा डोंगर?" ते पोराला विचारायचे. "बदनापुरात नारळाचं झाड दाखव मला एक. तुझ्या घरासमोर काय हाये?"

"उकिरडा, सर."

"मंग उकिरडा काढ. बराबर काढ. त्याच्यावरची कोंबडी बी काढ."

तपासणीला आलेल्या साहेबांना त्या वर्षी भिंतीवर ओळीने उकिरडे, पाण्याच्या टाकीवर वाळत टाकलेली गोधडी आणि मालगाडीखालून वाकून जाणारी एक बाई असं सगळं बघावं लागलं. साहेब म्हणाले, "यात सौंदर्य कुठे आहे?" सर म्हणाले, "तुमी कोंबडीचे पाय पाह्यले न्हाईत."

मुंबईला ते नेमकं काय करत होते, हे शाळेत कोणालाच नीट कळलेलं नव्हतं. स्टाफरूममध्ये एकदा आमच्या शास्त्राच्या देशपांडे सरांनी छेडलं, "म्हणजे मूळ चित्र दुसऱ्याचं आणि तुम्ही नक्कल करायचा, असंच ना?"

झालं. सरांनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि दारापासून खिडकीपर्यंत चालायला लावलं. देशपांडे दोन पावलं गेले असतील नसतील, तोच सर ओरडले, "थांबा! हलू नका!"

देशपांडे एक पाय हवेत ठेवून थांबले. धोतराचा सोगा हातात, तोल जातोय, आम्ही हसतोय.

"मोठा चित्रकार दोनच चित्रं काढतो," सर म्हणाले. "तुमी दारात उभे, ते एक. तुमी खिडकीत पोचले, ते दुसरं. त्याच्या मधलं समदं मी काढायचो. हा तुमचा पाय हवेत हाये, ढुंगण मागं आलंय, तोंड वासलंय, हे माझं. नक्कल करायला हितं असतंय काय? दारातल्या मानसाला खिडकीपर्यंत आणायचं, त्याला नक्कल म्हणून राह्यले तुमी?"

देशपांडे खाली बसले ते त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत.

सरांनी मुंबईत ज्या कार्टून चित्रपटावर काम केलं होतं, ती एक परीकथा होती. झोप हरवलेल्या राजाची. राजाला झोप येत नाही, वैद्य हात टेकतात, थोरले दोघे राजपुत्र सबबी सांगतात आणि धाकटा झोप आणायला निघतो. काट्यांच्या माळावर तो अडकतो. तिथे एक म्हातारी त्याला सोडवते आणि पदराच्या गाठीतून स्वतःची झोप सोडून त्याला देते. मग राजपुत्र राक्षसाला झोपवून मारतो, उरलेली झोप राजाला आणून देतो आणि गावभर मिरवणूक निघते. सर ही गोष्ट फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढून सांगायचे. वर घर, मग उंबरठा, मग वाट, तळाला राक्षस आणि फिरून पुन्हा घर.

"समद्या गोष्टी ह्याच साच्याच्या," ते म्हणायचे. "पोरगं निघतं, अडतं, कोणीतरी भेटतं, काहीतरी देतं, पोरगं जिंकतं, घरी येतं, हार घालून घेतं. देणारं कुठं गेलं, हे कोणी पुसलंय का कधी?"

यातूनच त्यांचा तो प्रश्न आला होता. कोणाचं काही चांगलं झालं, कोणी पास झालं, कोणाला नोकरी लागली की सर पेढा हातात घेऊन आधी विचारायचे, "वाटंत कोण भेटलं व्हतं?" उत्तर मिळेपर्यंत पेढा तोंडात जायचा नाही.

एकदा शाळेचा एक माजी विद्यार्थी फौजदार होऊन आला. त्याचा सत्कार ठेवला. पट्ठ्याने चांगलं लांबलचक भाषण केलं. मी एकटा, माझी जिद्द, माझे कष्ट. पोरं टाळ्या वाजवत होती. मागून सरांचा आवाज आला, "वाटंत कोण भेटलं व्हतं?"

फौजदाराला प्रश्न कळला नाही.

"जालन्याला खोली करून राह्यला व्हता ना तुमी? हितून पॅसेंजरमध्ये रोज डबा कोण चढवत व्हतं?"

"बहीण," तो म्हणाला.

"ती कुठवर शिकली?"

"ती... न्हाई शिकली. तिचं लगीन झालं. जाफराबादकडं दिली."

"बसा," सर म्हणाले, जणू तो अजून सातवीतच होता. आणि फौजदार खरंच बसला. मुख्याध्यापकांनी त्या दिवशी सरांना खोलीत बोलावून खूप सुनावलं. आतून कागदांची फरफर बाहेरपर्यंत ऐकू येत होती.

सरांच्या स्वतःच्या वाटेत कोण भेटलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांची आई, गयाबाई. वडील लवकर गेले. गयाबाईंनी जालन्याच्या जिनिंगमध्ये रातपाळ्या केल्या, संध्याकाळच्या गाडीने जायच्या आणि सकाळच्या गाडीने परत यायच्या. तिथेच एकदा कापसाची गाठ घसरून त्यांच्या उजव्या पायावर आली. मुकादमाने बैलगाडीत घालून घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरी बाई उभी केली. पाय वाकडा तो वाकडाच राहिला. तरी त्या पुन्हा दुसऱ्या जिनिंगला लागल्या, कारण कचरूला, म्हणजे आमच्या सरांना, मुंबईला चित्रकलेच्या शाळेत घालायचं होतं. इतक्या वर्षांच्या रातपाळीने त्यांची झोप जी गेली ती गेलीच. "डोळा लागतच न्हाई, बाई," त्या मला सांगायच्या, तक्रार म्हणून नाही, हवापाण्याची गोष्ट करावी तसं.

स्टुडिओत जेव्हा ती म्हातारी सरांच्या वाट्याला आली, तेव्हा तिला कसं चालवायचं हे त्यांना कोणी सांगायची गरजच पडली नाही. मोठ्या चित्रकाराने म्हातारी लांब उभी काढली होती आणि जवळ आलेली काढली होती. मधलं सगळं चालणं सरांनी आपल्या मायचं काढलं. पुढे चित्रपट पुरा झाला, स्टुडिओतल्या लोकांनाच पहिल्यांदा दाखवला, आणि सुरुवातीच्या नावांत सरांचं नाव नव्हतं. त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, मधली चित्रं काढणाऱ्यांची नावं घालायची पद्धत नाही. सर त्याच आठवड्यात पेटी उचलून बदनापूरला आले.

गयाबाईंना वाटलं, पोराला काढून टाकलं. त्यांनी सरांजवळ कधी साडी मागितली नाही की डोळ्यांना चष्मा मागितला नाही. मागणं एकच होतं. "दिवसभर बसून तू तिथं काय करत व्हता, ते एकदा डोळ्यानं दाव." सरांनी शब्द दिला होता. आणि तो पाळायला ते इतके उतावीळ होते की औरंगाबादला खेटे घालून, तिथल्या कारकुनांशी भांडून, त्यांनी एकदाचा तो चित्रपट शाळेत आणवला.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना अजून माझं डोकं फिरतं.

शाळेचा हॉल दुपारी अंधारा केला होता, खिडक्यांवर सतरंज्या टांगून. औरंगाबादहून ऑपरेटर प्रोजेक्टर घेऊन आला होता, तीन रिळं होती. गयाबाई स्वच्छ धुतलेलं लुगडं नेसून आल्या. सरांनी त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. "नको, खुर्चीत पाय लोंबतो," असं म्हणून त्या खाली पोरींच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. म्हातारी कुठल्या रिळात येते, हे सरांनी त्यांना सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं, दुसऱ्या. त्या दिवशी सर हसत होते. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलं नाही.

पहिलं रीळ झालं. राजपुत्र घरातून निघाला. दिवे लागले, आणि मुख्याध्यापक हार-नारळ घेऊन व्यासपीठावर चढले. संस्थेच्या अध्यक्षांना कुठूनतरी कळलं होतं की चित्रपट आपल्याच शाळेतल्या मास्तरांनी केला आहे. तेव्हा सत्कार हवाच! हीच तर आपली रीत. माणसाचं काम बघायला वेळ नसला तरी त्याच्या गळ्यात हार घालायला वेळ असतो. सरांना न विचारता वर ओढलं, खुर्चीत बसवलं, शाल घातली. अध्यक्ष बोलायला लागले ते थांबेचनात. "यांच्या समाजातूनसुद्धा असे कलावंत निघतात, ही आपल्या गावाला भूषणाची गोष्ट आहे," असंही म्हणाले आणि टाळ्या पडल्या. सर नारळ मांडीवर धरून बसले होते. त्यांचा अंगठा शालीचा काठ उलगडत होता.

भाषण संपलं तेव्हा अध्यक्षांना जांब समर्थला दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं. चित्रपटाचा शेवटही बघायचा होता. मुख्याध्यापक वाकून ऑपरेटरच्या कानाशी लागले, "मधलं रीळ राहू द्या. शेवटचं लावा."

दिवे गेले. पडद्यावर राजपुत्र एकदम राक्षसासमोर उभा, हातात झोपेचं गाठोडं. पोरांना काही वाटलं नाही, गाठोडं कुठून आलं हे कोणी विचारलं नाही. पण सर व्यासपीठावरून उठून थेट उजेडात आले. राजपुत्र त्यांच्या शालीवर तलवार फिरवायला लागला.

"बंद कर!" ते ओरडले. "मधलं कुठं हाये?"

"साळवे, खाली बसा," मुख्याध्यापक म्हणाले. "साहेबांना उशीर होतोय."

"मंग साहेबांनी जावं! हे राजपुत्राचं कौतुक माझं न्हाई. माझी म्हातारी हाये, ती तुमी गिळली. मला शाल घालून तिला गिळली!" आणि ती शाल त्यांनी काढून घडी केली, नारळ वर ठेवला आणि दोन्ही वस्तू अध्यक्षांच्या पायाशी नेऊन ठेवल्या. फेकल्या नाहीत. पुढे गावात "फेकल्या" असं सांगत फिरले ते सगळे खोटं बोलले.

अध्यक्ष निघून गेले. मुख्याध्यापकांनी घंटा द्यायला लावली आणि शाळा सोडून दिली. मास्तर लोक पोरांच्या आधी दाराबाहेर पडले. सर्वांत पुढे देशपांडे. हॉलमध्ये उरलो आम्ही चौघं. ऑपरेटरला एसटी गाठायची होती, पण सर रिळांच्या डब्यावर बसले होते.

"हे रीळ लागल्याबिगर डबा हलत न्हाई."

ऑपरेटरने कपाळाला हात लावला आणि रीळ चढवलं.

ओसाड माळ. राजपुत्र काट्यांत अडकलेला. लांबून एक बाई येते आहे, डोक्यावर भारा, डावा हात कमरेवर. उजवा पाय टाकताना अंग बाहेरच्या बाजूला झुकतं, जरा थांबतं, मग डावा पाय पुढे येतो. मला ओळखायला क्षणही लागला नाही. स्टेशनच्या रस्त्याने हेच चालणं मी रोज बघत होते. पण इतकं नीट कधी बघितलं नव्हतं. त्या थांबण्यात केवढं दुखणं होतं, ते मला पडद्यावर कळलं.

"माय," सर हळूच म्हणाले, "ओळखलं का?"

गयाबाई एकदम भिंतीला धरून उठल्या. "हा माझा पाय हाये."

"व्हय, माय. तूच हायेस ती."

"समद्या मुलकाला माझा मोडका पाय दावला तू?" त्यांचा आवाज रिकाम्या हॉलमध्ये घुमला. "चित्रच व्हतं ना ते, कचरू? तुझ्या हातात व्हतं. नीट पायाची काढली असती तर तुझी पेन्सिल मोडली असती का? चित्रात बी मी लंगडतच चालू?"

"जे खरं हाये ते काढलं, माय."

"खरं मला ठावं हाये. रोज चालते मी त्या पायानं."

अख्ख्या शाळेला उत्तरं देणाऱ्या त्या माणसाने नजर पडद्याकडे वळवली. पडद्यावर म्हातारीने काटे मोडून राजपुत्राला बाहेर काढलं, पदराची गाठ सोडली, काहीतरी मऊ, उजेडासारखं त्याच्या ओंजळीत घातलं. तो ते घेऊन पळाला. मागे वळून बघितलं नाही. माळावर ती एकटी उभी राहिली आणि रीळ संपलं. पट्टी फटफट वाजत राहिली.

"पोरगं गेलं?" गयाबाईंनी विचारलं.

"गेलं," सर म्हणाले.

"पुढं काय झालं?"

ऑपरेटर पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "राजा झोपला, आजी. मिरवणूक निघाली. खेळ खतम."

"आन् हिची झोप? ती आणून दिली का न्हाई त्यानं परत?"

सर म्हणाले, "न्हाई दिली, माय. गोष्टीत न्हाई ते."

"दिली न्हाई? येवढा राजाचा पोरगा, त्याला येवढं सुचलं न्हाई? कसली गोष्ट म्हणायची ही?" आणि सतरंजी बाजूला करून, त्याच पायाने, रागारागाने त्या उन्हात निघून गेल्या. सरांचा राग कोणाकडून आला, हे मला तेव्हा समजलं.

त्यानंतर सरांच्या मागे चौकशी लागली, पगारवाढ अडली, ज्यांच्याबरोबर रोज चहा व्हायचा ते मास्तर लांबून जायला लागले. मला सगळ्यात जास्त राग या मास्तरांचाच आला होता आणि तो मी त्यांना बोलूनही दाखवला. सरांना मात्र याचं काही वाटत नव्हतं. मोकळ्या तासाला ते जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर राजपुत्र काढत बसायचे, माळाकडे परत निघालेला. दोन-चार चित्रं व्हायची, अंगठ्याने फर्रकन सोडून बघायचे आणि फाडून टाकायचे.

"जमत न्हाई, बाई," एकदा म्हणाले. "जाताना त्याचं पयलं चित्र मला कोणीतरी दिलं व्हतं, शेवटचं दिलं व्हतं. परत जातानाचं कोणी काढलंच न्हाई. मधलं कशाच्या मधी काढू?"

पुढे मला परभणीला नोकरी मिळाली. निघाले त्या सकाळी बदनापूरच्या फलाटावर सर आणि गयाबाई बाकावर बसलेले दिसले. जालन्याच्या दवाखान्यात गयाबाईंचे डोळे दाखवायला निघाले होते. नंबर मोठ्या मुश्किलीने लागला होता आणि या पॅसेंजरनंतर गाडी थेट संध्याकाळी. गाडी फलाटाला लागली. मी सामान चढवलं, मागे वळून बघितलं तर दोघं तसेच बसलेले.

मी पुन्हा खाली उतरले. "सर, गाडी आली ना."

"हळू बोला!" ते दबक्या आवाजात खेकसले. मग मी बघितलं. गयाबाईंचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं, तोंड जरासं उघडं, वाकडा पाय पिशवीवर ठेवलेला. गाढ झोपल्या होत्या.

"आणि दवाखाना?"

"दवाखाना कुठं पळून चाल्ला का? चढा तुमी, जल्दी."

मी चढले. शिट्टी झाली. एक हमाल लांबून ओरडत आला, "ओ मास्तर, गाडी सुटून राह्यली ना!" सरांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो होता तिथेच थांबला. गाडी हलली. मी दारात उभी राहून मागे बघत होते. डोळे लाल, एक बोट ओठांवर, खांदा हलू नये म्हणून सर ताठ बसलेले होते. इंजिनाने पुन्हा शिट्टी दिली, तेव्हा त्यांनी मोकळ्या हाताने आईचा कान झाकला.